मधल्या खणातली फाईल

माझी मुलगी चौथीपर्यंत वर्गात पहिली यायची. लालबागला आमच्या चाळीच्या मागेच तिची शाळा होती. निकालाच्या दिवशी बाई दारातच हसून म्हणायच्या, "हिचं काय विचारता? ही आहेच." तेवढं "आहेच" ऐकायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जायचे.

मी तेव्हा एका मोठ्या खाजगी शाळेत ऑफिसला होते. अजून तिथेच आहे. गिरगाव मागे टाकून रस्ता टेकडीकडे चढायला लागतो, तिथे ती शाळा आहे. मुलं गाडीतून उतरतात आणि ड्रायव्हर गेटपर्यंत दप्तर आणून देतो. शाळेचा एक नियम होता. ज्यांची नोकरी पाच वर्षांच्या वर झालीय अशा कर्मचाऱ्यांची मुलं प्रवेश परीक्षा पास झाली तर त्यांना फी माफ. माझ्या मुलीच्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या दोनच मुली परीक्षेला बसल्या आणि दोघीही पास झाल्या. एक माझी. दुसरी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जे असिस्टंट होते त्यांची. त्यांना सगळी शाळा भाऊच म्हणायची, मीसुद्धा.

भाऊ भोईवाड्यात राहायचे. त्यांचे वडील गिरणीत होते, माझे सासरेही गिरणीत. त्यांची खोली दहा बाय बारा, आमची दहा बाय चौदा. दुपारी आम्ही ऑफिसमागच्या पॅसेजमध्ये एकाच बाकावर डबा खायचो. आम्हा दोघांत फरक करायचा म्हटला असता तरी करता आला नसता, आणि त्यामुळेच पुढचं सगळं मला इतकं लागलं. गाडीतून उतरणाऱ्या मुलींचा मला कधी हेवा वाटला नाही. त्यांचं जगच वेगळं होतं. माणूस आपल्याच जिन्यावरच्या माणसावर जळतो.

पाचवीच्या पहिल्या सहामाहीच्या गुणपत्रिका ऑफिसात माझ्याच हातून छापल्या गेल्या. वर्गात बेचाळीस मुलं. माझी मुलगी तेविसावी आली होती. मी स्वतःला सांगितलं, पहिलंच वर्ष आहे, इंग्रजीची सवय नाही. मग भाऊंच्या मुलीची गुणपत्रिका प्रिंटरमधून बाहेर आली. सहावी. सवय तर तिलाही नव्हती.

मी मुलीला दादरला क्लास लावला. आठवीत दुसरा लावला, गणितासाठी वेगळा. शाळेतून सुटली की ती बसने दादरला उतरायची, वडापाव खायची आणि आठ वाजेपर्यंत क्लासात. भाऊंच्या मुलीला क्लास नव्हता. ती शाळा सुटल्यावर लॅबमधल्या स्टुलावर बसायची. भाऊ बीकर धुऊन, पुसून, कपाटात लावून मोकळे होईपर्यंत तिचा अभ्यास झालेला असायचा. मग बापलेक बसस्टॉपवर चालत जायचे. माझी मुलगी तेविसावरून एकोणिसावर आली, परत एकविसावर गेली. भाऊंची दुसरी यायला लागली. आणि भाऊंना त्याचं काही वाटत नसे. "तिचं ती करते, ताई. मला त्यातलं काय कळतं?" असं म्हणून ते डब्याचं झाकण लावायचे. त्यांनी एकदा तरी बढाई मारली असती तर मला रागावता आलं असतं.

मुली मात्र एकमेकींच्या जिवाभावाच्या. एकीने आणलेली भाजी दुसरी खायची. माझ्या मुलीला तिचा हेवा वाटताना मी कधी पाहिलं नाही. मला ते कमीपणाचं वाटायचं. म्हणायचे, हिला ईर्षाच नाही, म्हणून ही पुढे जात नाही. एकदा तिला तसं बोललेही. ती म्हणाली, "अगं, ती हुशारच आहे. त्यात मी काय करू?"

मुली अकरावीत गेल्या त्या वर्षी माझी बदली शाळेतल्या शाळेतच झाली. बारावीनंतर कुठे जायचं, कुठे अर्ज करायचा हे ठरवायला शाळेत एक काउन्सेलर मॅडम होत्या. त्यांना हाताखाली माणूस हवा होता. फाईली लावायच्या, भेटीच्या वेळा द्यायच्या, पत्रं टाईप करायची. काम मिळालं तेव्हा मला वाटलं, देवच पावला. आता माझ्या मुलीचं भलं होईल.

पहिल्याच दिवशी मॅडमनी कपाट उघडून दाखवलं. तीन खण. वरच्या खणात परदेशात आणि मोठमोठ्या विद्यापीठांत जाऊ शकतील अशा मुलांच्या फाईली. खालच्या खणात नापास होतील, मागे पडतील अशी ज्यांची भीती, ती मुलं. "आणि मधे बाकीचे," मॅडम म्हणाल्या. मी मधल्या खणात मुलीचं नाव शोधलं नाही. ते तिथे असणार हे मला माहीत होतं.

त्या खोलीत दोन वर्षं बसून मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी मुलीला लालबागच्या शाळेतून हलवलीच नसती. वरच्या खणातल्या मुलांना मॅडम चार-चार वेळा बोलवायच्या. त्यांचे निबंध वाचायच्या, खोडायच्या, परत लिहायला लावायच्या. खालच्या खणातल्या मुलांसाठी आईबापांना बोलावणं जायचं, जादा तास लागायचे, रडारड व्हायची. लक्ष त्यांच्याकडेही होतं. मधल्या खणाकडे कुणी वळायचं नाही. ती मुलं पास होणार होती, कुठे ना कुठे लागणार होती. त्यांच्यामुळे शाळेचं नाव होणार नव्हतं आणि जाणारही नव्हतं.

भेटीच्या वेळा मीच देत असल्यामुळे मी माझ्या मुलीला पहिल्याच आठवड्यात वेळ दिली. मॅडमनी फाईल उघडली, चाळली.

"स्वीट गर्ल," त्या म्हणाल्या. "काय करायचंय बेटा तुला?"

मुलगी म्हणाली, "स्टॅटिस्टिक्स आवडतं."

"गुड. मग सेफ ऑप्शन्स ठेवू. मुंबईतलीच कॉलेजं बघ. घरापासून जवळ बरं पडेल."

दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. मुलगी थँक्यू म्हणून निघाली. तिच्यानंतर भाऊंची मुलगी आत गेली ती पाऊण तासाने बाहेर आली. मधे मॅडमनी मला दोन कॉफ्या सांगायला लावल्या. एक त्यांना, एक तिला. माझ्या मुलीला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

बारावीत शिफारसपत्रांचा मोसम आला. मॅडम पेनाने खरडायच्या आणि मी टाईप करायचे. मधल्या खणासाठी पेनाची गरज नव्हती. एक साचा होता: मुलगी वक्तशीर आहे, वागणुकीला चांगली आहे, इतरांना मदत करते. मुलगा असेल तर तसा बदल करायचा. त्या आठवड्यात मी तो साचा अकरा वेळा वापरला. बाराव्या वेळी वर माझ्या मुलीचं नाव टाईप केलं. वक्तशीर. वागणुकीला चांगली. इतरांना मदत करते. मॅडमनी न वाचता सही केली.

भाऊंच्या मुलीचं पत्र दोन पानांचं होतं. लॅबमधला एक वजनकाटा बंद पडला होता. कंपनीचा माणूस दुरुस्त होणार नाही म्हणाला होता. तिने आठवडाभर शाळा सुटल्यावर बसून तो चालू कसा केला, हे मॅडमनी गोष्टीसारखं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, माझ्या नोकरीत अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही. मी ते पत्र टाईप केलं, प्रिंट काढली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. माझ्या मुलीनेही काहीतरी केलं असेल ना सात-आठ वर्षांत! आठवीत एक मुलगी महिनाभर आजारी होती. तिच्यासाठी माझ्या पोरीने सगळ्या विषयांच्या वह्या उतरवून काढल्या होत्या. ते मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मी तिला ओरडले होते की स्वतःचा अभ्यास सोडून हे काय धंदे करतेस.

त्यानंतर महिन्याभराने एक ईमेल आली. मुंबईबाहेरचं एक नवीन खाजगी विद्यापीठ. ज्यांच्या घरचं उत्पन्न कमी आहे अशा मुलांना संपूर्ण फी माफ, हॉस्टेल माफ, जेवण माफ. प्रत्येक शाळेने दोन नावं पाठवायची. नुसते मार्क बघणार नव्हते, मुलाखत घेऊन निवडणार होते. सोमवार होता. मॅडम बाहेर निघता निघता म्हणाल्या, "आपल्या स्टाफच्या दोघी आहेत ना, त्यांनाच देऊ या. दोघींना फॉर्म द्या. शुक्रवारी सगळं माझ्या टेबलावर पाहिजे."

मी फॉर्मच्या दोन प्रती काढल्या. एक पर्समध्ये ठेवली. दुसरी माझ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या खाली.

डबा खाताना भाऊंना सांगायचं असं मी ठरवलं होतं. खरंच. पण डब्याच्या वेळी भाऊंनी सुक्या बांगड्याची चटणी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "मॅडम आमच्या पोरीला इंग्लंडला अर्ज कर म्हणतायत. मी म्हटलं, आधी पासपोर्ट कुठे काढतात ते तरी बघूया!" आणि मोठ्याने हसले. फॉर्मचं मी सांगितलं नाही. म्हटलं, हिला इंग्लंड आहे, मग हे कशाला हवं?

मंगळवारी मनाशी म्हटलं, उद्या सांगू. बुधवारी भाऊंनी स्वतःहूनच विचारलं, "काय ताई, ऑफिसात काय नवीन?"

"काही नाही. तेच आपलं," मी म्हणाले.

ते उत्तर मी त्यांच्या डोळ्यांत बघून दिलं होतं. गुरुवारी मी डबा टेबलावरच खाल्ला, काम आहे म्हणून.

हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. एकाच शाळेच्या दोन मुली ते कशाला घेतील? एक घेतील. दोघी समोर बसल्या तर कुठली घेतील हे सांगायला ज्योतिषी नको. आणि एकटी माझीच गेली तर? वक्तशीर मुलगी, वागणुकीला चांगली. का नाही घेणार? आठ वर्षं जिथे तिथे ती वरची आणि माझी मधली. एक जागा, एकदाच, माझ्या मुलीला मोकळी मिळाली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

शुक्रवारी सकाळी मी मुलीचा भरलेला फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी विचारलं, "दुसरा?"

मी म्हणाले, "अजून आला नाही."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. भाऊ आत आले. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात फॉर्म भरलेला, फोटो चिकटवलेला, उत्पन्नाचा दाखला लावलेला. एरवी ऑफिसात ते आमच्यासारखंच बोलायचे, पण आनंद झाला किंवा घाबरले की मालवणी बाहेर पडायची. "बघा ओ ताई, बरोबर भरलाहा ना?" असं म्हणून त्यांनी फोल्डर माझ्या हातात दिलं. मॅडमनी ते माझ्याकडून घेतलं, बघितलं, छान म्हणाल्या आणि दोन्ही फॉर्म एकत्र टाचले.

मी भाऊंच्या मागोमाग पॅसेजमध्ये आले. विचारणार होते काय? तुम्हाला कसं कळलं? पण ते स्वतःच वळले.

"तुमी पोरीकडसून सांगून धाडलास म्हणान झाला, ताई. नायतर आमका कोण सांगतलो?"

मग कळलं. माझ्या मुलीने सांगितलं होतं. सोमवारी संध्याकाळी मी तिला फॉर्म दिला आणि तिने त्याच संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. फॉर्मचा फोटो काढून पाठवला; तिने तो छापून भरला आणि बुधवारी रात्री बापापुढे सहीला ठेवला. भाऊ धरून चालले होते की निरोप माझाच. आणि मी पॅसेजमध्ये उभी राहून म्हणाले, "अहो, त्यात काय!"

त्यांचे आभार मी घेतले. फॉर्म लपवण्यापेक्षाही मला आजपर्यंत त्याचीच जास्त लाज वाटते.

घरी गेले तर मुलगी कणीक मळत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"तू तिला फॉर्मचं सांगितलंस?"

"हो. सोमवारीच." तिने मान वर केली. "का? तू काकांना सांगणारच होतीस ना?"

मी पर्स खुंटीला अडकवली. तिने माझ्याकडे बघितलं. मग परत कणीक मळायला लागली. तिने काहीही विचारलं नाही आणि बापालाही काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ऑफिसात काय चाललंय असं तिने मला विचारणं बंद केलं. आधी रोज विचारायची.

माझ्या मुलीला मुलाखतीला बोलावलंच नाही. भाऊंच्या मुलीला बोलावलं आणि घेतलंही. भाऊंनी सगळ्या शाळेत पेढे वाटले. माझ्यापुढे बॉक्स धरून म्हणाले, "तुमी दोन घेवा." मी दोन घेतले. एक खाल्ला. दुसरा रुमालात बांधून घरी नेला आणि मुलीला दिला. तिने आनंदाने खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे निरखून बघत होते, कुठे काही कडू लागतंय का. नाही लागलं. माझा नवरा म्हणाला, "पोरगी मोठ्या मनाची आहे आपली." मी म्हणाले, "मोठं मन घेऊन कुठे ॲडमिशन मिळते का?"

जूनमध्ये भाऊंनी घरी सत्यनारायण घातला. आम्ही तिघंही गेलो. भोईवाड्याच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊंच्या बायकोने मला हाताला धरून सगळ्या बायकांच्या पुढे नेलं. "ह्याच त्या ताई. ह्यांनीच सांगितलं म्हणून झालं," असं म्हणून तिने माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, वर एक साडी. वाकून नमस्कार केला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच लहान असेल. मुलगी माझ्या मागे उभी होती. तिच्याकडे वळून बघण्याची माझी छाती झाली नाही.

प्रसाद घेऊन निघालो. भाऊ जिन्यापर्यंत पोचवायला आले. नवरा आणि मुलगी खाली उतरले होते. मी दोन पायऱ्या उतरले आणि परत वर चढले.

"भाऊ, तो निरोप मी पाठवला नव्हता."

"म्हणजे?"

"माझ्या पोरीने तिच्या मनाने सांगितलं. तुमचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता. चार दिवस. मी मुद्दाम दिला नव्हता."

ते कठड्याला हात टेकून उभे होते. आतून आरतीनंतरची गडबड ऐकू येत होती. मला वाटलं होतं चिडतील. किंवा म्हणतील, जाऊ द्या, झालं गेलं. यातलं काही झालं नाही. ते एवढंच म्हणाले, "घरात ह्या सांगू नकात, ताई." आणि आत गेले.

मी साडी परत देणार होते, पण कुणाला देणार? ती अजून कपाटात आहे, घडी न मोडलेली.

शाळा उघडल्यावर भाऊ लॅबमध्येच डबा खायला लागले. भेटले की बोलायचे, कामाचं तेवढं. मी बाकावर एकटी बसायचे. आता सांगायला काय हरकत आहे? खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसं मला काही वाटलं नाही. उलट वाटलं, गप्प राहिले असते तर निदान बांगड्याची चटणी तरी मिळाली असती. असा विचार मनात आला की मी स्वतःवरच वैतागायचे.

मुलीचा बारावीचा निकाल लागला. ब्याऐंशी टक्के. लालबागच्या शाळेत असती तर चाळीत बोर्ड लागला असता. मी तेच म्हणाले. ती म्हणाली, "आई, तिथे असते तर कदाचित पंच्याहत्तर पडले असते. कुणाला माहीत?" कॉलेजांच्या यादीत तिचं नाव शोधण्यात आमचे पंधरा दिवस गेले. पहिल्या यादीत कुठेच नाही. दुसऱ्या यादीत ज्या कॉलेजचं नाव मी वर लिहायला लावलं होतं, तिथे अगदी थोडक्यात हुकलं. समोरच्या खोलीतल्या मुलाला त्याच यादीत मिळालं. तो साध्या शाळेतला, बोर्ड वेगळा, मार्क चांगले. त्याची आई आली सांगायला. मी चहा केला तिच्यासाठी आणि साखर घालायला विसरले. ती न बोलता प्यायली.

तिसऱ्या यादीत दादर-माटुंग्याच्या बाजूच्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्सला नाव लागलं. फी भरायला मी बरोबर गेले. कॉलेज जुनं, भिंतींना ओल, पण वर्ग मोठे होते. रांगेत आमच्या पुढे एक बाई होती, तिच्या मुलीला घेऊन. तिने माझ्या मुलीच्या हातातल्या दाखल्यावर शाळेचं नाव वाचलं आणि म्हणाली, "अय्या, एवढ्या मोठ्या शाळेतून इथे?" मुलगी म्हणाली, "काकू, मला हाच विषय पाहिजे होता. इथले सर चांगले आहेत असं ऐकलंय." मला वाटलं होतं की ती माझी लाज राखायला बोलतेय. नंतर कळलं, तिने खरोखरच चौकशी केली होती, दोन सीनियर मुलींना फोन करून. मला न विचारता. मी ज्या कॉलेजचं नाव वर लिहायला लावलं होतं, तिथे हा विषय बाजूला पडल्यासारखाच शिकवतात, हेही तिला माहीत होतं. मग माझं ऐकलं का, म्हणून मी विचारलं. "तुला एकदा करून बघू दे म्हटलं," ती म्हणाली.

ती रमली तिथे. पहिली-बिहिली काही आली नाही. पहिल्या परीक्षेत वर्गात मध्यावरच होती. मी विचारलं तेव्हा तिने नंबर सांगितला आणि पुढे कुठल्याशा सर्व्हेबद्दल बोलायला लागली. परळच्या भाजीबाजारात ती आणि वर्गातल्या तिघीजणी तीन दिवस भाव लिहून घेत होत्या, त्याचं काहीतरी गणित होतं. अर्धा तास बोलली. मला अर्धं कळलं नाही, पण मी ऑफिसातून आल्यावर ती माझ्याशी एवढं बोलत बसली, याला वर्ष होऊन गेलं होतं. मी मधे तोंड घातलं नाही.

दिवाळीला भाऊंची मुलगी घरी आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती आमच्याकडे हजर. केस कापले होते, चष्मा बदलला होता, बोलणं थोडं वेगळं झालं होतं. मी पुऱ्या तळत होते. आतल्या बाजूला दोघी पलंगावर बसल्या होत्या. खोली एकच, मधे पडदा. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतंच.

"तुझं कसं चाललंय ते सांग," माझी मुलगी म्हणाली.

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "वाईट चाललंय. तिथे सगळी देशभरातून आलेली पोरं आहेत गं. मी शेवटून तिसरी आहे. बाबांना सांगू नकोस. एका विषयात परत परीक्षा द्यायचीय. मला वाटतं, त्यांनी मला चुकून घेतलं."

झारा माझ्या हातात तसाच राहिला. मी आता जे लिहिते आहे ते कुणाला आवडणार नाही. मला आनंद झाला. पोटातून आनंद झाला, अगदी लहान मुलाला होतो तसा. शेवटून तिसरी! इतकी वर्षं जे माझ्या आत जळत होतं, ते एका वाक्यात विझलं. मग पडद्यापलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला. लहान होती तेव्हा ती कधीच रडायची नाही. गुडघा फुटला तरी नाही.

"कुठला विषय?" माझी मुलगी विचारत होती. "स्टॅट्स? अगं, मग रडतेस काय! पुस्तक आणलंयस?"

"बॅगेत आहे."

"काढ."

बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. दोघी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सोडवत होत्या. माझी मुलगी सांगत होती आणि भाऊंची मुलगी "थांब, परत सांग" म्हणत होती. मी पुरी उलटायची विसरले, ती काळी झाली. ती काढून टाकली. माझी मुलगी कुणाला तरी समजावतेय आणि समोरची ऐकतेय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तेही पूर्णपणे चांगल्या मनाने ऐकत होते असं नाही. मनात कुठेतरी एक बाई म्हणतच होती, बघ, आता कोण कुणाला शिकवतंय. पण तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

मी दोन ताटल्या भरल्या आणि पडदा सारून आत गेले. भाऊंच्या मुलीने घाईने डोळे पुसले, पाय खाली सोडले.

"काकू, मी नंतर खाते."

"गरम आहेत तोवर खा. भाऊंना डबा भरून देते, नेशील?" मी म्हणाले. "त्यांना सांग, बाकावर जागा आहे."

ती माझ्याकडे बघायला लागली, तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. माझ्या मुलीला कळलं. तिने ताटली घेतली आणि वही बाजूला सरकवून मला बसायला जागा केली.